अणुऊर्जेवर चालणाऱ्या विमानवाहू नौका आणि त्यांचे सुटे भाग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अणुभट्टी असलेल्या विमानवाहू नौका आज कोणाकोणाकडे आहेत?

अमेरिका आणि फ्रान्स या दोनच देशांकडे. अमेरिकेची पहिली अशी नौका म्हणजे १९६१ मध्ये सेवेत आलेली एंटरप्राइझ. त्यानंतर १९७५ ते २००९ या काळात निमित्झ वर्गातील, म्हणजे एकाच मूळ आराखड्याच्या, दहा नौका दाखल झाल्या आणि २०१७ मध्ये जेराल्ड आर. फोर्ड ही नव्या वर्गातील पहिली नौका आली. फ्रान्सकडे २००१ मध्ये सेवेत आलेली शार्ल द गोल ही एकच नौका आहे. सोव्हिएत संघाने १९८८ मध्ये मिकोलाईव्ह येथे उल्यानोव्हस्क नावाच्या नौकेचे काम सुरू केले होते, परंतु देशच विसर्जित झाल्याने ती अर्धवट अवस्थेतच भंगारात निघाली.

अणुइंधन पंचवीस वर्षे पुरत असेल, तर सुट्या भागांची एवढी चिंता कशासाठी?

वाचकांकडून सर्वाधिक वेळा येणारा प्रश्न हाच आहे. त्यामागे असा समज असतो, की अणुभट्टी बसवली म्हणजे नौका स्वयंपूर्ण झाली. प्रत्यक्षात अणुभट्टीचे काम पाणी तापवण्याचे आहे. भट्टीतून फिरणारे उच्च दाबाचे पाणी आपली उष्णता दुसऱ्या, पूर्णपणे स्वतंत्र नळ्यांमधील पाण्याला देते, त्या पाण्याची वाफ होते, वाफेने टर्बाइन फिरते, टर्बाइनचा प्रचंड वेग गिअरमधून उतरत शाफ्टपर्यंत येतो आणि शाफ्टच्या टोकाचा प्रॉपेलर नौकेला पुढे ढकलतो. म्हणजे वाफेपासून पुढची सगळी साखळी जुन्या आगबोटीचीच आहे. बेअरिंग झिजतात, व्हॉल्व्ह गळतात, वाफेचे पुन्हा पाणी करणाऱ्या कंडेन्सरच्या नळ्या खाऱ्या पाण्याने खाल्ल्या जातात आणि पंपांची सीले कडक होतात. या कशालाही युरेनियमचा उपयोग नाही.

त्यातच नौकेचे आयुष्य पन्नास वर्षांचे धरलेले असते. आज बसवलेला भाग तीस वर्षांनी बदलायचा झाल्यास तो बनवणारा कारखाना चालू असेल, त्याची ड्रॉइंगे सापडतील, त्या मिश्रधातूचे ओतकाम जमणारा कोणी कामावर असेल आणि त्या काळचे मोजमाप आजच्या लेथवर उतरवता येईल, या चारही गोष्टी एकत्र जुळून याव्या लागतात. माझ्या मते या नौकांचे खरे आयुष्य इंधनापेक्षा या जुळणीवरच अधिक अवलंबून असते, आणि पुढील बहुतेक उत्तरे कोणत्या ना कोणत्या वाटेने याच मुद्द्यावर येतात.

एखाद्या भागामुळे अशी नौका खरोखर अडकून पडल्याचे उदाहरण आहे का?

सर्वांत बोलके उदाहरण शार्ल द गोलचे आहे. नोव्हेंबर २००० मध्ये, अजून सेवेत दाखल व्हायच्या आधी, ही नौका चाचण्यांसाठी अटलांटिक महासागरात अमेरिकेच्या नॉरफोक बंदराच्या दिशेने निघाली होती. त्या प्रवासात तिच्या डाव्या प्रॉपेलरच्या एका पात्याचा तुकडा तुटून समुद्रात गेला. दोन अणुभट्ट्या ठणठणीत होत्या, इंधन भरपूर होते, उड्डाणपट्टी सज्ज होती, आणि तरीही नौकेला फ्रान्समधील तूलों बंदराकडे माघारी फिरावे लागले.

तपासात जे निघाले ते कोणत्याही ओतकाम कारखान्यातील अनुभवी माणसाला लगेच समजेल. तांबे आणि ॲल्युमिनियम यांच्या मिश्रधातूत एकसंध ओतलेल्या त्या प्रॉपेलरमध्ये, मध्यभागाच्या जवळ, हवेचे बुडबुडे राहिले होते. धातू थंड होताना आत अडकलेली अशी पोकळी वरून दिसत नाही. पृष्ठभाग घासून चकचकीत केलेला असतो, तोल बरोबर असतो, आणि पाते हजारो टन पाणी कापू लागले की त्या पोकळीपाशी ताण एकवटत जातो. साहजिकच राखीव प्रॉपेलर बसवण्याचा विचार झाला, तर त्यांतही दोष आढळले. एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने ओतलेले राखीव भाग म्हणजे काही वेळा राखीव दोषच ठरतात, हा धडा तेथे फार महागात शिकला गेला. ज्या पुरवठादाराने ते बनवले होते त्याची कागदपत्रे आगीत नष्ट झाल्याने चौकशीलाही मर्यादा आल्या.

तोडगा जुन्या गोदामातून निघाला. शार्ल द गोलच्या आधीच्या पिढीतील क्लेमान्सो आणि फॉश या विमानवाहू नौकांचे राखीव प्रॉपेलर उपलब्ध होते. ते बसवून नौका २००१ मध्ये सेवेत आली. मात्र ते तिच्यासाठी घडवलेले नसल्याने २७ नॉटऐवजी (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) सुमारे २४ नॉट एवढ्याच वेगावर तिला भागवावे लागले. स्वतःच्या मापाचे नवे प्रॉपेलर तिला २००७-०८ मधील मोठ्या दुरुस्तीत मिळाले. म्हणजे सहा वर्षांहून अधिक काळ एका अणुशक्तीसंपन्न देशाची एकमेव विमानवाहू नौका उसन्या प्रॉपेलरवर चालली. दुर्दैव तेथेही संपले नाही, कारण मार्च २००९ मध्ये तिच्या शाफ्टच्या जोडणीत प्रमाणाबाहेर झीज आढळली आणि ती पुन्हा गोदीत गेली.

जाता जाता एक गोष्ट. प्रॉपेलरचा वारसा मागे ठेवणारी क्लेमान्सो म्हणजे तीच, जी भंगारासाठी गुजरातमधील अलंगकडे निघाली होती, जिच्यातील ॲस्बेस्टॉसवरून भारताच्या सर्वोच्च न्यायालयात वाद उभा राहिला आणि जिला फेब्रुवारी २००६ मध्ये फ्रान्सने अर्ध्या वाटेवरून परत बोलावले.

अमेरिकेकडे तर पैसा आणि कारखाने दोन्ही आहेत. त्यांनाही ही अडचण येते का?

येते, आणि नव्या नौकेला जुन्यांपेक्षा जास्त येते. सुमारे १३ अब्ज डॉलर खर्चाच्या फोर्डवर २०१७ मधील सागरी चाचण्यांपासूनच मुख्य थ्रस्ट बेअरिंगचा त्रास सुरू झाला आणि जानेवारी २०१८ मध्ये दुसरे एक बेअरिंग तापल्याने नौका बंदरात परतली. थ्रस्ट बेअरिंग म्हणजे प्रॉपेलरचा रेटा शाफ्टकडून घेऊन नौकेच्या सांगाड्याला देणारा भाग. तो नसता तर प्रॉपेलरने नौकेऐवजी शाफ्टच पुढे ढकलला असता. या बिघाडाचे मूळ उत्पादकाकडील यंत्रकामातील चुकीत असल्याचे अमेरिकी नौदलाने सांगितले. अणुभट्टीशी त्याचा काहीही संबंध नव्हता.

शस्त्रास्त्रे वर आणणाऱ्या अकरा लिफ्टची कहाणी आणखी लांबलेली आहे. पारंपरिक दोरखंडांऐवजी विद्युतचुंबकीय मोटरींवर चालणाऱ्या या लिफ्ट नव्या पद्धतीच्या होत्या आणि त्यांतील शेवटची लिफ्ट डिसेंबर २०२१ मध्ये, म्हणजे नौका सेवेत आल्यानंतर चार वर्षांहून अधिक काळाने, नौदलाच्या ताब्यात आली. दरम्यान राखीव भागांचा साठाच पुरेसा उभा राहिलेला नसल्याने, त्याच वर्गातील बांधकाम चालू असलेल्या जॉन एफ. केनेडीवरून मोटर नियंत्रक, वीजपुरवठा संच, लहान पंप, लिमिट स्विच असे भाग काढून फोर्डवर बसवावे लागले. एका गाडीचा कार्बोरेटर काढून दुसरी चालू करणारा गॅरेजवाला आपल्याकडे गल्लोगल्ली आढळतो. फरक एवढाच, की येथे दोन्ही गाड्या अब्जावधी डॉलरच्या होत्या.

किरकोळ वाटणाऱ्या वस्तूंचेही उदाहरण देण्यासारखे आहे. फोर्ड आणि निमित्झ वर्गातील जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश या दोन नौकांवर शौचालयांसाठी नव्या प्रकारची निर्वात यंत्रणा बसवली गेली. तिचे पाइप तुंबत असल्याने ते आम्लाने धुवावे लागतात, आणि अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने २०२० मध्ये नोंदवल्याप्रमाणे अशा एका धुलाईला सुमारे ४ लाख डॉलर लागतात. हा भाग बदलण्याचा प्रश्न नाही, हे खरे. पण भाग निवडताना पुढील चाळीस वर्षांची देखभाल कोणी मोजली नाही की काय होते, ते यावरून कळते.

एका नौकेचा भाग दुसरीवर बसवणे ही नेहमीची पद्धत आहे का?

सेवेत असलेल्या नौकेवरून भाग काढणे नाइलाजाचे मानले जाते, कारण त्यात काम दुप्पट होते आणि ज्या नौकेवरून भाग निघाला तिचे वेळापत्रक कोलमडते. निवृत्त नौकेवरून भाग घेणे मात्र शहाणपणाचे आहे आणि ते सर्रास होते. निमित्झ वर्गातील नौकांपैकी अब्राहम लिंकनवर जुन्या एंटरप्राइझचा सुमारे ३० टनांचा नांगर बसवलेला आहे, जॉर्ज वॉशिंग्टनला तिच्या मोठ्या दुरुस्तीत १९९३ मध्येच निवृत्त झालेल्या रेंजरचा नांगर मिळाला, जॉन सी. स्टेनिसचे नांगर फॉरेस्टलचे आहेत. रेंजर आणि फॉरेस्टल या दोन्ही नौका अणुऊर्जेवर चालणाऱ्या नव्हत्या, पण नांगराला बॉयलर आणि अणुभट्टी यांतला फरक कळत नाही. फॉरेस्टल पुढे २०१३ मध्ये एका सेंटला, म्हणजे नाममात्र किमतीला, भंगारवाल्याला दिली गेली, तेव्हा तिचे नांगर दुसऱ्या नौकेवर काम करत होते.

यातून वर्गाचे महत्त्वही लक्षात येते. निमित्झ वर्गातील दहाही नौकांवर दोन अणुभट्ट्या आणि चार शाफ्ट अशी एकच मांडणी असल्याने एकीसाठी ठेवलेला भाग दुसरीला चालू शकतो. एंटरप्राइझवर तब्बल आठ अणुभट्ट्या होत्या आणि खर्चामुळे तिच्या नियोजित भगिनी नौका बांधल्याच गेल्या नाहीत, त्यामुळे पन्नास वर्षे ती आपल्या वर्गात एकटी राहिली. एकट्या नौकेचे भाग मोठ्या संख्येने कोणी बनवत नाही.

अणुभट्टीचे भाग बाजारात विकत मिळतात का?

नाही. अमेरिकेत नौदलाच्या अणुभट्ट्यांचे आरेखन, उत्पादन, देखभाल आणि शेवटची विल्हेवाट ही सर्व कामे ॲडमिरल हायमन रिकोव्हर यांनी उभ्या केलेल्या एकाच कार्यक्रमाच्या अखत्यारीत येतात. भट्टीचे जड घटक बनवणारे कारखाने हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच आहेत आणि अणुऊर्जेवर चालणाऱ्या विमानवाहू नौका बांधणारी गोदीही व्हर्जिनियातील न्यूपोर्ट न्यूज ही एकच आहे. एकच ग्राहक आणि जवळपास एकच विक्रेता, असा हा व्यवहार आहे. गुणवत्तेवर लक्ष ठेवणे त्यामुळे सोपे जाते, पण त्या एका कारखान्यात संप, आग किंवा अनुभवी कामगारांची निवृत्ती असे काही झाले, तर दुसरीकडे जाण्याची सोयच उरत नाही.

बाकीचे भाग, म्हणजे पंप, व्हॉल्व्ह, स्विच, गॅस्केट, सामान्य लष्करी पुरवठा व्यवस्थेतून येतात. त्या व्यवस्थेत प्रत्येक भागाला १३ अंकी साठा क्रमांक असतो आणि कोणत्या नौकेवर कोणता भाग किती संख्येने ठेवायचा, याची यादी आधीच ठरलेली असते.

भागासोबत येणाऱ्या कागदपत्रांना एवढे महत्त्व का दिले जाते?

कारण धातूचा दोष डोळ्यांना दिसत नाही आणि चाचणीचा कागद हाच एक पुरावा उरतो. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील टॅकोमा येथील एका ओतकाम कारखान्यात पाणबुड्यांसाठीच्या पोलादी भागांचे चाचणी अहवाल अनेक वर्षे बदलले जात होते. पोलाद अतिशय थंड तापमानाला आघात सोसते की नाही, ही त्यांतील एक चाचणी होती, आणि जबाबदार असलेल्या धातुतज्ज्ञ महिलेला ती चाचणीच निरर्थक वाटत होती, असे खटल्यात पुढे आले. २०२२ मध्ये तिला शिक्षा झाली. ते भाग पाणबुड्यांचे होते, विमानवाहू नौकांचे नव्हते, तरी पुरवठ्याची साखळी एकाच जातीची आहे. अशा वेळी एका भागाची भरपाई करून विषय मिटत नाही, तर त्या कारखान्यातून वर्षानुवर्षे बाहेर पडलेला प्रत्येक भाग कोणत्या नौकेवर, कोठे बसला आहे हे शोधत बसावे लागते.

समुद्रात असताना भाग तुटला तर काय करतात?

आधी नौकेवरच दुरुस्ती होते. लेथ, मिलिंग, वेल्डिंग यांची कार्यशाळा नौकेवर असते, आणि विमानांच्या इंजिनांची दुरुस्ती करून ती नौकेच्या मागच्या टोकाला चालवून तपासण्याचीही सोय असते. अलीकडे त्रिमितीय मुद्रकही (थ्रीडी प्रिंटर) आले आहेत. हॅरी एस. ट्रुमन या नौकेवरील खलाशांनी २०१६ मध्ये हातातल्या रेडिओचा वारंवार मोडणारा खटका वाचवण्यासाठी प्लास्टिकची एक लहानशी पकड तयार केली, जिचा खर्च काही सेंट होता. असले मुद्रक अणुभट्टीचे भाग छापतील अशी स्वप्ने रंगवणारे लेख मी वाचले आहेत. तेवढे मात्र मनावर घेऊ नये.

काही भाग तर तुटण्याची वाट न पाहताच बदलायचे असतात. उतरणाऱ्या विमानाचा आकडा ज्यात अडकतो ती पोलादी तार याचे उत्तम उदाहरण आहे. उड्डाणपट्टीवर आडवा पसरलेला, साधारण मनगटाएवढा नव्हे पण अंगठ्याहून जाड असा हा तुकडा सुमारे शंभर ते सव्वाशे विमाने थांबवल्यावर काढून टाकला जातो, मग तो वरून कितीही धडधाकट दिसो. पट्टीखालच्या यंत्राभोवती गुंडाळलेली लांब तार अधिक काळ चालते. तिचे टोक जोडण्याचे काम आजही जुन्या कारागिरीचे आहे: तारेचे पदर झाडूसारखे पिंजायचे, एकेक पदर स्वच्छ करायचा, तो पिंजारा शंकूसारख्या पोलादी सॉकेटमध्ये बसवायचा आणि वरून वितळलेले जस्त ओतायचे. जस्त गार झाल्यावर तारेवर जितका ताण येईल तितकी ती पाचर अधिक घट्ट बसते.

या यंत्रणेच्या देखभालीत कसूर झाल्यास काय होते ते मार्च २०१६ मध्ये आयझेनहॉवर या नौकेवर दिसले. एक हॉकआय विमान उतरत असताना तार तुटली आणि तिच्या फटकाऱ्याने आठ खलाशी जखमी झाले. विमान पट्टीच्या टोकावरून खाली जाऊन पाण्याच्या अगदी जवळून कसेबसे वर आले. चौकशीत तारेत दोष निघाला नाही. खालच्या यंत्राच्या देखभालीतील एक टप्पा राहून गेला होता.

नौकेवर न बनणारा भाग हवाई मार्गाने मागवला जातो. अनेक दशके हे काम ग्रेहाउंड विमानाने केले. एफ-३५ लढाऊ विमानाच्या इंजिनाचा मुख्य भाग त्यात मावत नाही, म्हणून ते सरळ वर उठणाऱ्या ऑस्प्रेच्या नौदलीय आवृत्तीकडे सोपवले गेले. नवे विमान घेतले की त्याच्या भागासाठी नवे मालवाहू विमानही घ्यावे लागते, हा खर्च जाहिरातीत दिसत नाही.

मध्यायुष्यातील मोठी दुरुस्ती म्हणजे काय?

निमित्झ वर्गातील नौकेचे इंधन पन्नास वर्षांत एकदाच, साधारण निम्मे आयुष्य संपल्यावर, बदलले जाते आणि त्याच वेळी पन्नास वर्षांतील एकूण देखभाल व आधुनिकीकरणापैकी सुमारे ३५ टक्के काम एका दमात उरकले जाते. शार्ल द गोलचे इंधन कमी समृद्ध केलेल्या युरेनियमचे असल्याने तिला सुमारे दर दहा वर्षांनी अशा दुरुस्तीसाठी यावे लागते. २०१७-१८ मधील दुरुस्ती दुसरी होती. फ्रेंच पद्धत गैरसोयीची म्हणून हिणवली जाते, पण दर दहा वर्षांनी नौका उघडून बघण्याची सक्ती मला वाईट वाटत नाही. पंचवीस वर्षांनी उघडल्यावर काय निघेल याचा अंदाज बांधणे कठीण जाते. जॉर्ज वॉशिंग्टन २०१७ मध्ये सुमारे चार वर्षांसाठी गोदीत गेली आणि मे २०२३ मध्ये, जवळपास सहा वर्षांनी, बाहेर आली. स्टेनिसच्या दुरुस्तीतही टर्बाइनचे नुकसान अपेक्षेपेक्षा जास्त निघाले.

भारताकडे अशी नौका आहे का? आणि येथे त्यांची दुरुस्ती होऊ शकते का?

नाही. कोचीत बांधलेली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये दाखल झालेली विक्रांत गॅस टर्बाइनवर, तर विक्रमादित्य बॉयलरच्या वाफेवर चालते. सुट्या भागांचा धडा भारतालाही वेगळ्या मार्गाने मिळालेला आहे. विक्रमादित्यच्या बॉयलरना ॲस्बेस्टॉस नको, असे भारताने सांगितल्यावर त्याऐवजी अग्निरोधक विटा वापरल्या गेल्या, आणि सप्टेंबर २०१२ मधील चाचणीत पूर्ण वेग घेताच आठपैकी सात बॉयलर निकामी झाले. नौका वर्षभर उशिरा, नोव्हेंबर २०१३ मध्ये मिळाली.

परदेशी अणुनौका पाहुण्या म्हणून मात्र येऊन गेल्या आहेत. निमित्झ जुलै २००७ मध्ये चेन्नईजवळ नांगरली होती आणि शार्ल द गोल जानेवारी २०२५ मध्ये गोव्याला आली होती. मुंबईच्या माझगाव डॉकने अमेरिकी नौदलाशी २०२३ मध्ये जहाजदुरुस्तीचा करार केला आहे. त्यावरून अनेक वाचक विमानवाहू नौकाही मुंबईत दुरुस्त होणार का, असे विचारतात. तसे होणार नाही. करार सामान्य जहाजांसाठी आहे, आणि अणुभट्टीशी संबंधित काम अमेरिका आपल्या गोद्यांबाहेर सोपवत नाही.

निवृत्तीनंतर अशा नौकेचे काय होते?

साध्या नौकेसारखी ती किनाऱ्यावर ओढून तोडता येत नाही, कारण आधी इंधन काढावे लागते आणि मग किरणोत्सर्गी घटक वेगळे करून परवानाधारक ठिकाणी नेऊन ठेवावे लागतात. एंटरप्राइझ डिसेंबर २०१२ मध्ये थांबली, फेब्रुवारी २०१७ मध्ये अधिकृतपणे निवृत्त झाली आणि तिच्या विघटनाचे कंत्राट थेट २०२५ मध्ये, अलाबामा राज्यातील मोबील येथील कामासाठी, दिले गेले. अणुऊर्जेवर चालणारी विमानवाहू नौका पूर्णपणे मोडण्याचा अनुभव तोपर्यंत कोणालाच नव्हता.

तिचे काही भाग मात्र त्याआधीच कामाला लागले आहेत. नांगराचा उल्लेख वर आलाच आहे. शिवाय तिच्यातून निघालेले काही पोलाद वितळवून न्यूपोर्ट न्यूजमध्ये बांधल्या जात असलेल्या नव्या एंटरप्राइझसाठी वापरले गेले. आणि दुसऱ्या महायुद्धातील एंटरप्राइझ भंगारात निघाली तेव्हा तिच्या काही गोल खिडक्या काढून १९६१ च्या एंटरप्राइझमधील कप्तानाच्या खोलीला बसवल्या होत्या.